‘ळ’वर गाडी अडते : शब्दखेळांच्या प्रकल्पाच्या नोंदी

१ जुलै २०२४, सोमवार

कुडाळ तालुक्यातली जिल्हा परिषदेची शाळा. पाचवी, सहावी, सातवी एकाच खोलीत बसतात, मिळून १९ मुलं, आणि त्यांच्या वाट्याला मी एकटी. मी सांगलीकडची, इथे आता चौथं वर्ष. ही वही केंद्रप्रमुखांना दाखवायची नाही. त्यांच्यासाठी वेगळी आहे, नीट अक्षरातली.

प्रकल्प एवढाच : आठवड्यातून तीन दिवस, मधल्या सुट्टीनंतरची २० मिनिटं शब्दांचे खेळ. ही मुलं खळ्यात, बसथांब्यावर आणि माझी पाठ फिरली की वर्गातसुद्धा अखंड बोलतात. फळ्यासमोर उभं केलं की मुकी. मग आम्ही शिक्षक नोंदवहीत ‘शब्दसंपत्ती कमी’ असं लिहून मोकळे होतो. मीही लिहिलंय. खरंच कमी आहे का, हे यंदा बघायचं ठरवलंय.

आज सुरुवातीची मोजणी केली. बाजाराचं एक चित्र घेतलं, एकेकाला बाहेर व्हरांड्यात बोलावून एक मिनिट त्याबद्दल बोलायला सांगितलं आणि मोबाइलवर आवाज टिपला. संध्याकाळी ऐकत बसले. सहावीतल्या एकाने मिनिटात नऊ वेळा ‘तां’ (मालवणीतलं ‘ते’) म्हटलं. तराजू म्हणजे ‘वजनाचां तां’, टोपली म्हणजे ‘भाजी ठेवतत तां’. बाकीचा वेळ पावसाचा आवाज. हाच मुलगा नंतर पायरीवर बसून दोस्ताला घरात शिरलेल्या सापाची गोष्ट सांगत होता. ती मी दारामागे उभी राहून ऐकली. त्यात एकदाही अडखळला नाही.

४ जुलै, गुरुवार

सुरुवात सगळ्यांना येतं त्याने : शब्दांच्या भेंड्या. दोन गट, शेवटच्या अक्षरावरून पुढचा शब्द. कमळ म्हटलं की ‘ळ’ आला, आणि ‘ळ’वरून मराठीत शब्द सुरू होत नाही. ‘ण’चंही तेच. गाण्यांच्या भेंड्यांत ‘ळ’ला ‘ल’ आणि ‘ण’ला ‘न’ घेतात, तसं घेऊ म्हटलं. पण सातवीतल्या मुलींना तेवढ्यात सापळा सापडला होता. सवलत नको म्हणाल्या. फळ, बाळ, सकाळ, नारळ, गोंधळ, एकामागून एक. पोरं लाल झाली.

मजा खूप आली. आरडाओरडा एवढा, की शेजारच्या वर्गाचे गुरुजी दारात येऊन बघून गेले.

पण घरी येऊन हिशेब मांडला तर काय? खेळात जे शब्द आले ते सगळे आधीच येत होते, नवा एकही नाही. बोलली पाच मुलं, तीच नेहमीची पाच. उरलेली चौदा ओरडायला होती. भेंड्यांत ज्याला पटकन आठवतं तो जिंकतो. ज्याच्याकडे शब्दच नाही त्याला तो खेळातून मिळत नाही. वर्ग गरम करायला पाच मिनिटं ठीक. यावर प्रकल्प उभा राहणार नाही.

१५ जुलै, सोमवार

भाताची लावणी चालू. आठ मुलं हजर, त्यातली दोन जांभया देणारी. खेळ नाही. त्यांनाच विचारलं, शेतात काय काय लागतं ते सांगा, मी लिहिते. तरवा, कुणगा, इरलं, पेज... फळा भरला आणि खडू संपला. यातल्या निम्म्या शब्दांसाठी मला ‘म्हणजे काय रे’ विचारावं लागलं. ‘शब्दसंपत्ती कमी’ नक्की कोणाची, हा प्रश्न कोणी विचारला नाही, पण हवेत होता.

२२ जुलै, सोमवार

सोंगट्यांचा उद्योग. शहरातल्या भाचीकडे स्क्रॅबल आहे, तो डोक्यात होता. आल्फ्रेड बट्स नावाच्या अमेरिकन वास्तुविशारदाने १९३० च्या दशकात वर्तमानपत्राची पानं घेऊन कोणतं अक्षर किती वेळा येतं ते मोजलं आणि त्यावरून सोंगट्या ठरवल्या. १०० सोंगट्या, त्यात ‘ई’ १२ आणि ‘क्यू’ एकच. म्हटलं आपणही मोजू. जुन्या वर्तमानपत्राची पानं मुलांना वाटली, अक्षर दिसलं की वहीत रेघ. मोजताना सगळी गप्प बसली हा एक फायदा. र आणि त यांच्या रेघा वहीत मावेनात, झ आणि ठ बिचारे कोपऱ्यात. ङ, ञ कोणाला भेटलेच नाहीत.

मग अडलं. इंग्रजीत सुटं अक्षर म्हणजे एक सोंगटी. आपल्याकडे ‘की’ ही एक सोंगटी की दोन? बाराखडीतलं प्रत्येक अक्षर वेगळं धरलं तर ३४ व्यंजनं गुणिले १२, म्हणजे ४०८ प्रकार, जोडाक्षरं बाजूलाच. वर २००९ च्या शासन निर्णयाने ॲ आणि ऑ आले, ते वेगळे. लग्नपत्रिकांचे तुकडे कापून कापून माझा अंगठा दुखला, तरी ‘स्वातंत्र्य’ लिहिता येईना.

दुसरा प्रयोग : काना, मात्रा, वेलांट्यांच्या पारदर्शक पट्ट्या, सोंगटीवर ठेवायच्या. वाऱ्याने उडाल्या. पंखा बंद केला तर उकाडा. आजचा दिवस वाया.

२९ जुलै, सोमवार

तोडगा पाचवीतल्या बारक्याने काढला, तोही कंटाळून. ‘बाई, काना-मात्रा लिवचाच नाय. मनात धरूया.’

म्हणजे सोंगट्या फक्त व्यंजनांच्या आणि मात्रा ज्याने त्याने लावायची. खेळाला मुलांनीच नाव दिलं : सांगाडा. मी दोन व्यंजनं मांडायची, त्यांनी त्यावर मांस चढवायचं. म आणि र मांडले. मार, मारा, मोर, मोरी, मिरी, मेरू, मरी. ‘मिरी’ची वेलांटी पहिली की दुसरी यावर भांडण, आणि शुद्धलेखनाचा तास न घेता ऱ्हस्व-दीर्घ झालं. ही माझी या महिन्यातली सगळ्यात मोठी कमाई.

मग क, र, ट. करटी (इथे नारळाच्या करवंटीला म्हणतात), कार्टी, किरटी. तिन्ही एकाच सांगाड्यातून! ‘किरटी’ मी सांगितला : बारीक, दाटीवाटीची, जशी तुझी अक्षरं. पाच मिनिटांत वर्गातल्या निम्म्या वह्यांना ‘किरटी’ची पदवी मिळाली. शब्द शिकल्यावर पहिल्यांदा वापरायचा तो दुसऱ्याला चिडवायला, हे सगळ्या वयांत सारखंच असावं.

क आणि ल मांडल्यावर काल, काला, कला, केली, किलो आणि कौल. एक म्हणाला घरावरचं कौल, दुसरी म्हणाली देवाला लावतात तो कौल. घरावरचं ‘ते’ कौल, देवाचा ‘तो’ कौल. एकाच शब्दाची दोन लिंगं, दोन घरं. मी लिहून ठेवलंय, पुढे कामाला येईल.

तरीही एक खटकतंय. हा खेळ डोकं खाली घालून खेळायचा. वाक्य कोणीच बोलत नाही.

७ ऑगस्ट, बुधवार

नवा खेळ : नाव न घेता सांग. कार्डावर एक शब्द आणि त्याखाली वापरायला बंदी असलेले तीन. छत्री : पाऊस, भिजणं, उघडणं हे शब्द नाहीत. मीठ : खारट, समुद्र, जेवण नाहीत. जोडीतल्या एकाने वर्णन करायचं, दुसऱ्याने ओळखायचं. गुण दोघांना मिळून. ओळखलं तर दोघांना दोन-दोन, नाही तर दोघांनाही भोपळा. या एका नियमाने फरक पडला. भेंड्यांत समोरचा अडला की आनंद होतो, इथे समोरच्याला कळावं म्हणून जीव काढायला लागतो.

हात मागे बांधायचे, हेही. पहिल्या फेरीत हात मोकळे होते, तर छत्रीचा अभिनय दीड सेकंदात झाला.

कुठे अडतात ते आज दिसलं, आणि मी समजत होते त्यापेक्षा वेगळं निघालं. वस्तूंची नावं त्यांच्याकडे भरपूर आहेत. नाहीत ते वरचे, झाकणासारखे शब्द : अवजार, साधन, अवयव, दागिना, पदार्थ, भावना, प्रकार. ओळख करून द्यायची तर आधी जात सांगावी लागते, मग वेगळेपण. ‘हे एक भांडं आहे, पण याला बूड नाही’ एवढं म्हटलं की समोरचा अर्ध्या वाटेवर येतो. भांडं हा शब्द जिभेवर आला नाही की सुरुवातच ‘तां’ने होते. बाजाराच्या चित्रातले ते नऊ ‘तां’ इथून येत होते.

रात्री जुन्या कॅलेंडरच्या मागच्या बाजूला हे झाकण-शब्द मोठ्या अक्षरात लिहिले. उद्या भिंतीवर.

१४ ऑगस्ट, बुधवार

उद्याच्या झेंडावंदनाच्या तयारीत खेळाला दहाच मिनिटं. म्हणून उलटं केलं : शब्द मुलांनी ठरवायचा, ओळखायचं मी.

सापवाला पुढे आला. हात मागे. ‘हे साधन आहे. लाकडाचं. माडावर चढताना कमरेला बांधतात. त्यात दुसरं हत्यार अडकवतात, म्हणजे दोन्ही हात मोकळे राहतात.’ मला काही येईना. पट्टा म्हटलं, दोरी म्हटलं, म्यान म्हटलं. म्यान म्हटल्यावर हशा झाला. तो माझ्याकडे करुणेने बघून पुन्हा सांगायला लागला, सावकाश, आकार सांगितला, वाकलेलं टोक सांगितलं. शेवटी हरले. आकडी. कोयती अडकवायची आकडी.

आज त्याने सलग सात-आठ वाक्यं बोलली, प्रमाण मराठीत, आणि त्याला ते कळलंसुद्धा नाही. कारण समोरच्या बाईला खरंच माहीत नव्हतं. उत्तर ठाऊक असताना आम्ही प्रश्न विचारतो ना, मुलं ते ओळखतात आणि तेवढंच बोलतात. माझं अज्ञान हे वर्गातलं सगळ्यात उपयोगी साहित्य आहे, असं दिसतं. विनाखर्चिक, आणि संपणारही नाही.

१८ सप्टेंबर, बुधवार

गणपती काल संपले. गौरी-गणपतीच्या सुट्टीचा अभ्यास दिला होता : मुंबईहून येणाऱ्या भावंडांबरोबर ‘नाव न घेता’ खेळा. बहुतेकांनी खेळलाय. तक्रार एकच : ‘चाकरमान्यांच्या पोरांका काय्येक येना नाय.’ व्हाळ (ओढा), गडगा (दगडांचं कुंपण), मांगर (शेतातलं खोपट) यातलं काहीच त्यांना ओळखता आलं नाही. मग त्यांनी ‘लिफ्ट’ आणि ‘एस्कलेटर’ घातले, तेव्हा आमची अडली. बरोबरी.

एस्कलेटरचं वर्णन एका मुलीने पाठ करून आणलं होतं : ‘हा जिना आहे, पण आपण उभं राहायचं आणि जिन्याने चढायचं.’ मी टाळ्या वाजवल्या.

४ ऑक्टोबर, शुक्रवार

काल केंद्रीय मंत्रिमंडळाने मराठीला अभिजात भाषेचा दर्जा दिला. परिपाठात बातमी वाचली. ‘अभिजात’ या शब्दावरच पहिला खेळ झाला, कारण कोणालाच तो येत नव्हता, आणि वाचून दाखवणाऱ्याने तो ‘अभिजीत’ वाचला.

एकीने विचारलं, मालवणीला पण मिळाला का? उत्तर देण्याऐवजी मोबाइलवर दाते-कर्व्यांचा महाराष्ट्र शब्दकोश उघडला. १९३२ ते १९३८ या काळात निघालेले सात खंड, आणि १९५० ची पुरवणी. मोल्सवर्थचा कोश त्याहून जुना, १८३१ चा, दुसरी आवृत्ती १८५७ ची. दोन्ही आता इंटरनेटवर फुकट शोधता येतात. आमच्या ग्रंथपेटीत यातलं काही नसतं. दाते-कर्व्यांत काही शब्दांपुढे कंसात प्रदेशाची खूण असते. (गो.) म्हणजे गोमंतकी. (कु.) म्हणजे कुडाळी. हे समजल्यावर जो गोंधळ झाला! आपल्या तालुक्याची बोली एवढ्या जाड पुस्तकात आहे म्हटल्यावर मोबाइल हातोहात फिरला, आणि मला परत मिळाला तेव्हा चार्जिंग चार टक्के.

तेव्हापासून नियम : घरचा शब्द खेळात चालेल, पण विचारलं तर अर्थ प्रमाण मराठीत सांगायचा. गुण शब्दाला नाही, समजावण्याला.

१५ ऑक्टोबर, मंगळवार

वाचन प्रेरणा दिन. पुस्तकं वाचून झाल्यावर उलटसुलट वाचण्याचा खेळ. टेप आणा आपटे. रामाला भाला मारा. ती होडी जाडी होती. इंग्रजी अक्षरांनी लिहिलं तर ही वाक्यं उलटी होत नाहीत. आपला हिशेब अक्षराचा, मात्रा त्याच्या अंगावरच जाते. मुलांनी शोधलेले सुटे शब्द : नवीन, सरस, कनक, डालडा. स्वतः वाक्य करायला गेले आणि ‘मामा’च्या पुढे कोणी सरकलं नाही. गंमत म्हणून छान. एवढंच.

१९ नोव्हेंबर, मंगळवार

दिवाळीची सुट्टी, मग प्रशिक्षण, उद्या विधानसभेचं मतदान. मतदान केंद्रावर पोहोचून, यंत्रं ताब्यात घेऊन बसल्यावर ही नोंद. महिन्याभरात सहा दिवस खेळ झालाय. पुढे काही लिहिण्यासारखं नाही.

२५ नोव्हेंबर, सोमवार

परवा निकाल. सगळ्या वर्तमानपत्रांच्या मथळ्यांत ‘कौल’. जुलैची नोंद काढली. घरावरचं कौल, देवाचा कौल, आता जनतेचा कौल. हा तिसरा कुठल्या घरातला? एक म्हणाला देवाच्या, कारण तोही विचारल्यावर मिळतो. दुसऱ्याने हरकत घेतली : देवाला कौल लावतात तेव्हा देव उत्तर देतो आणि माणूस ऐकतो, इथे माणसांनी उत्तर दिलंय. मग ऐकणारा कोण? पाच मिनिटं शांतपणे, एकमेकांचं वाक्य पुरं होऊ देत बोलत होते. राजकारण येईल या भीतीने मीच विषय बदलला. बदलायला नको होता.

पटावर एक नवीन नाव. चिरेखाणीवर (जांभा दगडाचे चिरे काढतात तिथे) काम करणारं कुटुंब विजापूरकडून आलंय, त्यांची मुलगी. सहावीत बसवलीय. घरी कन्नड. मराठी समजते, बोलत नाही.

३ डिसेंबर, मंगळवार

कोडी. आठ दिवसांपूर्वी सांगितलं होतं, आजीकडून एक तरी आणा. इथे जुन्या बायका ‘हुमाणां’ म्हणतात. आणलेली निम्मी वर्गात सांगण्यासारखी नव्हती. आज्या मोकळ्या असतात.

मी माझ्या लहानपणचं घातलं : ‘कोकणातून आली सखी, तिच्या मानेवर दिली बुक्की, तिच्या घरभर लेकी.’ उत्तर लसूण. उत्तर कोणाला आलं नाही आणि सांगितल्यावर पटलं नाही. ‘बाई, लसूण घाटावरसून येता! कोकणातून खय?’ मुद्दा बरोबर होता. आमच्या घाटावर जे काही लांबून आलं ते कोकणातून आलं असं कोड्यापुरतं धरतात, असं सांगून पाहिलं. त्यांनी ताबडतोब दुरुस्ती केली, ‘घाटावरसून इली सखी’. वजन बिघडलं नाही.

मग ‘बत्तीस चिरे, त्यात नागीण फिरे’. हे सगळ्यांना येत होतं, जीभ म्हणून ओरडले. नवी मुलगी कपाळाला आठ्या घालून बसलेली. म्हटलं काय गं? ती हळू म्हणाली, ‘बत्तीस चिऱ्यानं काय होतंय? गाडी भरत नाही.’ वर्ग हसला, तीही हसली. शाळेत आल्यापासूनचं तिचं हे सगळ्यात लांब बोलणं, आणि त्यात कोड्यापेक्षा जास्त माहिती होती. गाडीत किती बसतात, एक चिरा किती जड, कोण उचलतं, हे मुलांनी तिला विचारलं. तिने हाताने सांगितलं. मी हात मागे बांधायला लावले नाहीत.

१९ डिसेंबर, गुरुवार

ही नोंद लांब होणार.

पाचवीतल्या एका मुलीचे आजोबा दशावतारात काम करायचे. जत्रांचे दिवस, तोच विषय चाललेला, म्हणून त्यांना बोलावलं. मी घाटावरची, मला दशावतार म्हणजे रात्रभर चालणारं नाटक एवढंच ठाऊक. आधी आडदशावतार, त्यात गणपती, सरस्वती आणि तो संकासूर, मग आख्यान. स्त्रियांची कामं पुरुषच करणार. साथीला पायपेटी, पखवाज आणि झांज. पण मुख्य गोष्ट त्यांनी खुर्चीवर बसता बसता सांगितली : या नाटकाला लिहिलेले संवाद नसतात. चेहरा रंगवायच्या आधी कथा ठरते, कोण कोणाचं काम करणार ते ठरतं. पुढचं सगळं बोलणं रंगमंचावर उभं राहून, तिथल्या तिथे.

सातवीतल्या एकीने विचारलं, मग पुढचं वाक्य सुचलं नाही तर?

आजोबा म्हणाले, समोरच्याने शेवटी काय म्हटलं ते ऐकायचं. त्यातला एक शब्द उचलायचा आणि आपलं वाक्य त्यावर बसवायचं. ज्याचं लक्ष आपल्या पुढच्या वाक्यावर असतं तो पडतो.

हे मला कोणत्याही प्रशिक्षणात कोणी सांगितलं नव्हतं. तिथेच खेळ बनवला. दोघं समोरासमोर, नातं ठरवून दिलेलं : दुकानदार आणि उधारीवाला, राजा आणि लाच खाणारा प्रधान, आई आणि उशिरा आलेला मुलगा. भांडायचं. पण प्रत्येकाच्या वाक्यात समोरच्याच्या आधीच्या वाक्यातला एक शब्द आलाच पाहिजे. बाकीच्यांनी तो शब्द ओळखून बोट वर करायचं. नाही आला तर बाद.

पहिल्या तीन जोड्या दुसऱ्याच वाक्याला बाद. आपलं तोंडपाठ भांडण घेऊन येतात, समोरचा काय म्हणतो ते कानावरून जातं. चौथ्या जोडीला आजोबा स्वतः प्रधान झाले आणि सापवाला राजा. राजाने दरडावलं, ‘प्रधानजी, खजिन्यात नाणी कमी का?’ प्रधान म्हणाला, ‘महाराज, नाणी कमी नाहीत, खजिना मोठा झालाय.’ राजा थांबला, वर्ग थांबला. मग : ‘मोठा खजिना झाला की तुमचं पोट?’ आजोबांनी उठून त्याच्या पाठीवर थाप मारली. पोटावरून ते दहा-बारा वाक्यं गेले. शब्द पकडणारी मुलं बोटं वर करायची विसरली.

आजोबांची भाषा ऐकण्यासारखी होती. माझ्याशी बोलताना मालवणी, प्रधान झाले की ‘आज्ञा असावी’, ‘क्षमा असावी’, ‘विपरीत’, ‘अनर्थ’. दशावताराची ही संस्कृत वळणाची मराठी मुलं लहानपणापासून जत्रेत जागून ऐकत आलीत. म्हणजे ती त्यांच्या कानात आहे. वर्गात कधी मागितली गेली नव्हती. आज मधल्या सुट्टीत पाण्याच्या टाकीवर एकजण दुसऱ्याला म्हणाला, ‘अनर्थ! तुझ्या ढकलण्याने माझा डबा पडला!’

चिरेखाणीवरची मुलगी आज शब्द ओळखणाऱ्यांत होती. बोट चार वेळा वर, चारही वेळा बरोबर. बोलली नाही.

१६ जानेवारी २०२५, गुरुवार

पुन्हा तेच बाजाराचं चित्र, तोच व्हरांडा, तोच मोबाइल. जुलैच्या आवाजाशी ताडून पाहिलं.

वेगळे शब्द किती, हा आकडा माझ्या अपेक्षेइतका हलला नाही. काहींचा दुप्पट, बऱ्याच जणांचा थोडा, तिघांचा होता तिथेच. पण ‘तां’ खूप कमी झालं. ‘हे वजन करायचं साधन’, ‘एक प्रकारची टोपली, उथळ’ असं यायला लागलं. शब्द ठाऊक नसला तरी गप्प न बसता वळसा घालून पोहोचतात. मी मोजत होते एक आणि वाढत होतं दुसरंच. नवीन मोजपट्टी करायला हवी : शब्द अडल्यावर मूल किती वेळ गप्प राहतं.

ते तिघं कोण, तेही लिहून ठेवते. दोघं वरचेवर गैरहजर. तिसरी हुशार, पाठांतरात पहिली, खेळात मात्र चुकायची भीती एवढी, की जोडीदारालाच बोलायला लावते. तिच्यासाठी माझ्याकडे अजून खेळ नाही. गुणांशिवाय खेळवून पाहिलं, तरी ती मनातल्या मनात गुण मोजते.

२७ फेब्रुवारी, गुरुवार

मराठी भाषा गौरव दिन. पाहुणे, भाषणं, हार. राजा-प्रधान सादर केलं तर मुलांनी पाठ केलेले संवाद म्हटले, कारण ‘पाहुण्यांसमोर चुकायला नको’. ठार निर्जीव. चूक माझी, मीच तालीम जास्त घेतली.

१२ मार्च, बुधवार

उद्या होळी, वर्गात शिमग्याचं वारं. अभ्यास होणार नव्हताच, म्हणून भेंड्या घेतल्या, जुलैमध्ये मोडीत काढलेल्या त्याच. नियम ऑक्टोबरचे : कोणतीही घरची भाषा चालेल, अर्थ सांगता आला पाहिजे.

सातवीच्या मुली अजून ‘ळ’चं दुकान चालवतात. खेळ रंगला, फिरत फिरत ‘ब’ आला आणि तो चिरेखाणीवरच्या मुलीच्या गटावर. तिच्या गटातली पोरं बटाटा, बादली सगळं आधीच संपवून बसलेली. दहापर्यंत आकडे मोजणं सुरू झालं. आठावर ती उभी राहिली.

‘बेळ्ळुळ्ळी.’

सगळे गप्प. मग कोणीतरी ‘काय?’ म्हटलं आणि एकच हलकल्लोळ. असा शब्द नाहीच, बाईंना विचारा. मला कुठून येणार? नियमाप्रमाणे तिलाच म्हटलं, नाव न घेता सांग.

तिने हात मागे घेतले, स्वतःहून. ‘हा पदार्थ नाही, पण पदार्थात टाकतात. पांढरं आहे. वास येतो. तिच्या घरात पुष्कळ लेकी आहेत.’ थोडं थांबून, ‘घाटावरून येते.’

‘लसूण!’ अख्खा वर्ग.

‘ळी’ सातवीच्या मुलींच्या गटावर आला होता. त्या अजून विचार करतायत.